साडेआठ महिन्यांच्या बाळाला हातात धरून खायचे पदार्थ: एकदम करून फ्रीजरमध्ये ठेवायला काय चांगलं? (खान्देशी घर, एका दाराचा फ्रिज)

पाचोऱ्याची_आई
बाळ पेज, वरणभात, मऊ खिचडी नीट खातं. आता चमचा ढकलून स्वतःच्या हाताने खायला मागतंय. रविवारी एकदाच करून आठवडाभर पुरेल असं काय काय करता येईल? फ्रिज एका दाराचा आहे, वर बर्फाचा छोटा कप्पा. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. दिवसा बाळ आजीजवळ असतं, तेव्हा आजींना फक्त गरम करून द्यावं लागेल असं हवं. काय टिकतं, किती दिवस टिकतं आणि गरम कसं करायचं, तिन्ही सांगा. माप सांगितलंत तर फार बरं.

भुसावळ_स्वयंपाकघर
ताई, बाहेरचे नगेट-कटलेटचे प्रकार शोधू नका. आपले फुणके करा. वाफवलेले असतात, तळण नाही, डाळीचे असल्यामुळे पोटभरीचे, आणि गोठवून परत वाफवले तरी जवळजवळ ताज्यासारखे लागतात. फक्त मोठ्यांच्या फुणक्यात तीन बदल करायचे: मिरची-मीठ नाही, डाळ जरा जास्त बारीक, आणि तेल थोडं जास्त.

माप असं. अर्धी वाटी तुरीची डाळ, अर्धी वाटी मुगाची पिवळी डाळ. ४ तास भिजवून चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या. पाण्याचा थेंबही न घालता मिक्सरला थांबत थांबत फिरवा. मोठ्यांना भरड चालते, बाळाला डाळीचा अख्खा कण टोचतो. रव्याइतकं बारीक हवं, पण गंधासारखं नको, नाहीतर आतून चिकट राहतं. त्यात पाव वाटी किसलेलं गाजर किंवा पिळून घेतलेला दुधी, दोन लहान चमचे तेल, पाव चमचा जिरेपूड, चिमूटभर हिंग. तेलाच्या हाताने बोटभर लांबीचे, साधारण १५ ग्रॅमचे मुटके वळा. एवढ्यात २० ते २२ होतात. तेल लावलेल्या चाळणीत, पाण्याला उकळी आल्यावरच ठेवून १५ ते १८ मिनिटं वाफवा. तुरीमुळे मुगापेक्षा वेळ जास्त लागतो. एक मोडून बघा, कच्चट वास आला तर आणखी ३ मिनिटं.

बिघडतं ते बहुतेक या तीन ठिकाणी:
वळताना फुटतात, म्हणजे डाळ नीट निथळली नाही. एक-दोन चमचे ज्वारीचं पीठ घाला, त्याहून जास्त नको, घट्ट होतील.
गोठवून काढल्यावर कोरडे, घशात अडकतील असे लागतात, म्हणजे तेल कमी पडलं किंवा हरभऱ्याची डाळ घातली. बाळासाठी हरभरा डाळ टाळाच.
बाहेरून ओले, चिकट, म्हणजे झाकणावरचं पाणी पडलं. झाकणाला फडकं बांधा.

आणि कच्चे मुटके गोठवू नका. सुटताना (बर्फ वितळताना) पाणी सोडतात, मग वळलेला आकार राहत नाही, डाळ आंबूसही होते. वाफवून, गार करून मगच.

रावेरकर
फुणक्यांना माझं मत. पण रोज डाळच नको, म्हणून आणखी दोन.

गंगाफळाची (लाल भोपळ्याची) धिरडी. गंगाफळ नुसतं वाफवून फोडी गोठवल्या तर सुटल्यावर लगदा होतो, कारण बर्फाचे कण त्यातल्या पेशी फोडतात आणि सगळं पाणी बाहेर येतं. म्हणून ते पिठात बांधायचं. १ वाटी वाफवून कुस्करलेलं गंगाफळ, अर्धी वाटी दादरचं (ज्वारीचा एक प्रकार) पीठ, १ चमचा भाजलेल्या तिळाची पूड, १ चमचा तूप. पीठ भिजल्यावर १० मिनिटं ठेवा, तेवढ्यात दादर पाणी ओढते. लहान पुरीएवढी, अर्धा सेंटिमीटर जाड धिरडी मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी. आच मोठी ठेवली तर बाहेर कडक पापुद्रा येतो आणि बाळाच्या हिरड्यांना तोच त्रास देतो. देताना पट्ट्या कापून द्या.

रताळं मात्र नुसतंच गोठवता येतं. सालं काढून बोटाएवढ्या फोडी, ८ ते १० मिनिटं वाफ, बस. बटाटा तसा गोठवू नका, रवाळ आणि पाणचट होतो.

केळं गोठवायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे बारा महिने ताजं मिळतं, आणि गोठवलेलं केळं सुटल्यावर काळं, लिबलिबीत. ताजं केळं सोलून मध्ये बोट दाबलं की आपोआप तीन उभ्या फाका होतात. हातातून निसटतं म्हणून तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या बारीक पुडीत घोळवा. शेंगदाणा बाळाला आधी देऊन झालेला असेल तरच.

नंदुरबारची_वाचक
नवापूरची तूरडाळ असेल तर फुणके छान मऊ होतात, मी तीच सुचवेन. हे पदार्थ तीन महिने टिकतात ना?

धुळे_फ्रिज_दुरुस्ती
तीन महिने हे फ्रीजर खरोखर उणे १८ अंशाला असेल तेव्हाचं गणित, आणि तेही मोठ्यांसाठी. पाचोऱ्याच्या ताईंचा कप्पा बहुधा तेवढा थंड होणार नाही. कप्प्याच्या दारावर किंवा आत चांदणीच्या खुणा असतात त्या बघा. १ चांदणी म्हणजे सुमारे उणे ६, २ म्हणजे उणे १२, ३ म्हणजे उणे १८. फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरवर जे तारे असतात ते विजेच्या बचतीचे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. पुष्कळ लोक ५ तारे बघून निर्धास्त होतात.

एक चांदणी किंवा खूणच नसेल तर एक आठवडा. दोन असतील तर एक महिना चालतो, पण बाळासाठी दोन-तीन आठवड्यांतच संपवा. तुमचं आठवड्याचंच नियोजन आहे, ते योग्य आहे.

आता काही गोष्टी एका दाराच्या फ्रिजसाठी खास.

डीफ्रॉस्टचं बटण. ते दाबलं की कॉम्प्रेसर बंद राहतो आणि कप्प्यातलं सगळं सुटतं. पदार्थ आत असताना कोणी ते दाबू नये, हे घरात सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी कप्पा रिकामा असतानाच बर्फ काढा. बर्फाचा जाड थर म्हणजे थंडी अडवणारी गादी, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा वाढू देऊ नका.

गरम पदार्थ ठेवू नका, आणि एका वेळी पाऊण किलोपेक्षा जास्त नको. छोटा कप्पा एवढ्या मालाला गोठवताना दमतो, मग बर्फ हळू धरतो, त्याचे कण मोठे होतात आणि पदार्थ पाणचट होतो. स्टीलच्या पसरट थाळीत बटर पेपरवर एकेक तुकडा सुटा ठेवा, थाळी कप्प्याच्या तळाला टेकलेली हवी. प्लास्टिकच्या डब्यापेक्षा स्टीलमधून थंडी लवकर पोचते. तुमच्या कप्प्यात रात्रभर लागेल. दगडासारखे झाले की हवा काढून पिशवीत भरा, वर तारीख लिहा. थाळीवर न गोठवता थेट पिशवीत भरलंत तर सगळ्याचा एक गोळा होतो, आणि रोज चार तुकडे काढण्यासाठी आजींना तो आपटावा लागेल.

वीज जाण्यासाठी: वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी कप्प्यातच राहू द्या. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मध्ये सगळं सुटून परत गोठलेलं आहे, बाळाला देऊ नका. कप्प्यात रिकामी जागा असेल तर पाण्याच्या छोट्या बाटल्या गोठवून भरा, थंडी जास्त वेळ टिकते. वीज नसताना दार उघडू नये.

भुसावळ_स्वयंपाकघर
दादांच्या थाळीला एक जोड. गार करण्याची पायरी आपल्याकडे सर्वात अवघड. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, ओट्यावर ठेवलेला पदार्थ गार होत नाही, कोमट राहतो, आणि कोमट म्हणजेच जंतूंना हवं ते. शिजल्यापासून तासाभरात थंड व्हायला हवा. चाळणीतून काढल्याबरोबर ताटात पसरवा, ताट माठाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, वर पंखा. २० मिनिटांत हाताला गार लागेल. मग अर्धा तास खाली फ्रिजमध्ये, मग वर कप्प्यात. भाताचे किंवा खिचडीचे मुटके केले तर ही घाई आणखी महत्त्वाची, कारण शिजलेल्या भातात काही जंतूंची बीजं जिवंत राहतात आणि कोमटात ती वाढून विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही.

चोपडा_आहार
पाककृती चांगल्या आहेत. बाळाच्या बाजूने थोडं.

जे बाळाने अजून चाखलेलं नाही ते घाऊक करून गोठवू नका. तीळ, शेंगदाणा, अंडं, गहू, प्रत्येक पदार्थ आधी ताजा, थोडा, सकाळच्या वेळी द्या आणि दोन-तीन दिवस बघा. मग रविवारच्या यादीत. बाळाला खूप एक्झिमा (त्वचेवर खाजरं पुरळ) असेल किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आधीच दिसली असेल तर शेंगदाणा-अंड्याआधी डॉक्टरांना विचारा.

वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको. मध तर अजिबात नको, घुटीतूनही नको, त्याने बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. आजी म्हणतील, अळणी कसं खाईल? बाळाला खारटाची सवयच नसते, त्याला ते अळणी वाटत नाही. जिरं, हिंग, लसणाची वाफवलेली पाकळी, कोथिंबीर चालते. काळा मसाला नंतर.

मऊपणाची कसोटी: अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबलं की तुकडा चेंदला पाहिजे. नाही चेंदला तर पुन्हा वाफवा किंवा देऊ नका. कच्चं गाजर, अख्खे शेंगदाणे, अख्खे हरभरे, अख्खी द्राक्षं, लाह्या, बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) कडक तुकडे नकोत. बाळ ताठ बसलेलं असावं आणि कोणीतरी समोर असावं. खोकून, आवाज करून, लाल होऊन तुकडा बाहेर काढत असेल तर थांबा, काढू द्या. आवाजच बंद झाला, श्वास घेता येत नसेल तर आपल्या हाताच्या कोपरापुढच्या भागावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाब, आणि आलटून पालटून चालू ठेवा. दुसऱ्याने लगेच १०८ लावावा. न दिसणाऱ्या तुकड्यासाठी तोंडात बोट फिरवू नका, तो आणखी आत जातो. बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा शिकून घ्यावं.

फुणक्यांबरोबर लिंबाचे दोन थेंब किंवा पेरूचा बिया काढलेला मऊ गर द्या, डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. आणि खाणं वाढलं तरी आईचं दूध चालू ठेवा.

पाचोऱ्याची_आई
खूप आभार सगळ्यांचे. कप्प्यावर एकच चांदणी निघाली, म्हणजे आठवडाच. दोन शंका. आजी तव्यावर गरम करायचं म्हणतात, चालेल का? आणि फुणक्यांत पालक किंवा पोकळा घातला तर?

भुसावळ_स्वयंपाकघर
तव्यावर नको. बाहेरून करपतं, आत थंडच राहतं, वर कडक साल येते. इडलीपात्रात उकळत्या पाण्यावर गोठलेलेच फुणके ८ ते १० मिनिटं, धिरड्याच्या पट्ट्या ५ मिनिटं. एक तुकडा मोडून आतून वाफ निघते का बघायचं, मग कोमट करून द्यायचं. ओट्यावर सुटायला काढून ठेवू नये, आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. हवं तर रात्री दुसऱ्या दिवसापुरते खालच्या फ्रिजमध्ये ठेवा, पण ते २४ तासांत संपले पाहिजेत. आजींसाठी रोजच्या चार-सहा तुकड्यांच्या वेगळ्या पुड्या केल्यात तर मोठी पिशवी उघडावी लागणार नाही. ताटात उरलेलं, बाळाच्या लाळेचं, परत ठेवायचं नाही. सुटलेलं परत गोठवायचंही नाही. तुकड्यावर पांढरे कोरडे डाग आले असतील तर ते हवेने सुकलेलं असतं, विषारी नाही, पण कडक झालेलं असतं म्हणून बाळाला नको.

चोपडा_आहार
पालेभाजी चालेल, पण एका वाटी डाळीला चिरलेली दोन-तीन चमचेच, आणि रोज पालकच नको. पालेभाजीत नायट्रेट असतं, शिजवून तशीच बाहेर ठेवली तर जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते लहान बाळाला बरं नाही. म्हणून पालेभाजीचे फुणके गार झाल्याबरोबर गोठवा, त्यांची पुडी वेगळी ठेवा आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच संपवा. पोकळ्याचे देठ काढून फक्त कोवळा पाला घ्या, देठाचे दोरे बाळाच्या घशाला लागतात.