मदत हवी आहे: अटलांटाच्या ब्लेड शोमध्ये एकच सुरी घ्यायची आहे. कशी पारखावी, भारतात कशी आणावी?

मंडळी, नमस्कार.

लेक अटलांटाजवळ राहते. यंदा मे-जून तिच्याकडे मुक्काम आहे आणि नेमका त्याच सुमारास, जूनच्या सुरुवातीला, तिथे ब्लेड शो भरतो. हाताने सुऱ्या घडवणारे शेकडो कारागीर शुक्रवार ते रविवार टेबलं मांडून बसतात. जावईबापूंनी तिकीट काढूनही टाकलंय, त्यामुळे आता माघार नाही.

माझा संग्रह पुण्याच्या जुन्या बाजारातला. अडकित्ते, पानाच्या कात्र्या आणि शेफिल्डच्या रॉजर्स कंपनीचे खिशातले चाकू, ज्यांच्या पात्याच्या मुळाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस असतो. जुनी वस्तू मला बऱ्यापैकी कळते. ठसा खरा की नंतर मारलेला, मूठ मूळची की बदललेली, गंज मुरलेला की वरवरचा, हे हातात घेतलं की समजतं. पण कोरी सुरी, समोर तिचा बाप उभा, आणि त्याच्या देखत ‘घेऊ की नको’ ठरवायचं, हा प्रकार नवा आहे.

सहाशे डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे (घरात चारशे सांगितलेत). चार इंची पात्याची शिकारी सुरी, सांबरशिंगाची मूठ, जमल्यास दमास्कस (लाटांसारख्या नक्षीचं) पातं, असं मनात आहे. तर विचारायचं असं की तिथे वागायची रीत काय? घासाघीस चालते का? नव्या सुरीत नेमकं काय बघायचं? आणि मुंबई विमानतळावर कस्टमवाले अडवतील का? गूगल करून डोकं फिरलं, कोणी स्वतः जाऊन आलेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (शार्लट)

काका, मी जाऊन आलोय. पहिली गोष्ट, शुक्रवारीच जा आणि दार उघडताना जा. नावाजलेल्या कारागिरांच्या टेबलावर दुपारनंतर नुसता मखमली कपडा उरतो. काहींकडे तर गिऱ्हाईक इतकं असतं की ते चिठ्ठ्या काढतात. डब्यात नावाची चिठ्ठी टाकायची, ठरलेल्या वेळी हजर राहायचं, नाव निघालं तर ठरलेल्या किमतीला सुरी तुमची. तेव्हा नावाची छापील कार्डं खिशात ठेवा.

रीत सोपी आहे. विचारल्याशिवाय उचलायची नाही. मूठ धरायची, पात्याला बोट लावायचं नाही, कारण साध्या कार्बन पोलादावर घामाचा ठसा काही तासांत उमटून बसतो. मिटायचा चाकू असेल तर फटाफट उघडझाप करू नका, त्याचा राग येतो. धार बघायला हातावरचे केस कापणं तर अजिबात नाही. आणि एका टेबलावर घेतलेली सुरी हातात नाचवत दुसऱ्या टेबलाशी जाऊ नका, पिशवीत टाका.

घासाघीस कारागिराशी करू नये असं माझं मत. महिनाभराच्या कामाची किंमत त्याने आधीच कमी धरलेली असते. जुन्या सुऱ्या विकणारे दलाल असतात, त्यांच्याशी खुशाल करा. मात्र त्यांच्याकडे ‘लव्हलेस’ दिसली तर हात जोडून पुढे जा. नामवंत अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेस २०१० मध्ये गेले, त्यांच्या सुऱ्या हजारो डॉलरला जातात आणि म्हणूनच नकलाही भरपूर आहेत.

प्रतिसाद २ (नाशिक)

मी स्वतः भट्टीवर काम करतो, छंद म्हणून. काय बघायचं ते सांगतो.

सुरी नाकासमोर, टोक लांब करून धरा आणि पाठीवरून नजर टाका. पातं सरळ हवं, मूठ त्याच रेषेत हवी. मग मुठीजवळ पातं जिथून तासायला सुरुवात केलेली असते ती जागा बघा. दोन्ही बाजूंच्या त्या दोन रेषा समोरासमोर यायला हव्यात. हात कच्चा असेल तर एक पुढे, एक मागे दिसते. आडणी (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) आणि पातं मिळतात तिथे उजेडाकडे धरून बघा, फट किंवा झाळकाम दिसता कामा नये. मुठीच्या खिळ्यांवरून डोळे मिटून अंगठा फिरवा, काहीही लागायला नको. शेवटी पातं तिरकं करून दिव्याखाली फिरवा. पॉलिशच्या आत आडवे ओरखडे दिसले, तर आधीच्या जाड पॉलिशकागदाचे ओरखडे काढायचा कंटाळा केलाय असं समजा. जो इथे कंटाळतो त्याने पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, काय केलं असेल हे तुम्हाला दिसणार नाही, म्हणून मी ओरखड्यांवर इतका अडून बसतो.

न दिसणाऱ्या गोष्टीसाठी ठसा बघा. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली लोहारांची संस्था. तिची परीक्षा पास झालेला कारागीर पात्यावर जे.एस. म्हणजे जर्नीमन स्मिथ किंवा एम.एस. म्हणजे मास्टर स्मिथ अशी अक्षरं घालतो. जे.एस.ची परीक्षा ऐका. एकाच सुरीने आधी लोंबकळणारा एक इंची दोर एका घावात कापायचा. मग दोन बाय चारचं लाकूड दोनदा तोडायचं. एवढं झाल्यावर त्याच पात्याने हातावरचे केस उतरले पाहिजेत. मग पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून ९० अंश वाकवायचं. तुकडा पडला की नापास. धार कडक आणि पाठ चिवट, असं दोन्ही साधलेलं असेल तरच हे जमतं. त्यानंतर पाच तयार सुऱ्या परीक्षकांपुढे ठेवायच्या, आणि ती परीक्षा ब्लेड शोमध्ये होते. सहाशेत एम.एस.ची सुरी अवघड आहे, जे.एस.ची मिळू शकेल. नुकताच पास झालेला कोण आहे ते विचारा, त्याचे भाव अजून चढलेले नसतात.

दमास्कसबद्दल: आज मिळतं ते बहुतेक थरांचं. १०८४ आणि १५एन२० ही दोन पोलादं एकावर एक तापवून जोडायची, घड्या घालायच्या, शेवटी आम्लात बुडवायचं. १५एन२० मध्ये निकेल असतं, ते चकचकीत राहतं, दुसरं काळं पडतं. अमेरिकन लोहार बिल मोरान यांनी १९७३ मध्ये अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि अमेरिकेत ही लाट आली. आपल्या दख्खनच्या मुशीतल्या पोलादाचं जौहर (पात्यावरची नक्षी) वेगळं, ते पोलादाच्या पोटातूनच येतं. सहाशे डॉलरमध्ये दमास्कसचा हट्ट धरलात तर बाकी काम दुय्यम मिळेल. साधं पातं घ्या.

प्रतिसाद ३ (मुंबई)

कायद्यापुरतं बोलते. शस्त्र नियम २०१६ नुसार पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते शस्त्रात मोडतं आणि परवान्याचा प्रश्न येतो. तुमची चार इंची त्यात येत नाही. मोठी बोवी (लांब पात्याची अमेरिकन सुरी) किंवा दुधारी खंजीर यांच्या मोहात पडू नका. सुरी चेक-इन सामानात, म्यानात, वर नीट गुंडाळून. कारागिराचं सहीचं बिल जवळ ठेवा, ड्युटी भरायची वेळ आली तर किमतीवरून वाद नको. मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन मुक्काम करणार असाल तर त्या देशाचे नियम वेगळे बघावे लागतील.

पण काका, सांबरशिंग विसरा! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे सांबराच्या शिंगाचा व्यापार आपल्याकडे बंद आहे, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गळालेल्या शिंगांची निर्यातही थांबली. अमेरिकेत जे शिंग दिसतं ते बरंचसं त्याआधी इथूनच गेलेलं. ते तिथे विकणं कायदेशीर असलं तरी इथे उतरताना ‘हे जुनं आहे’ हे सिद्ध करत बसाल. हस्तिदंताचंही तेच.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शिंगाचं ऐकून थोडा हिरमुसलो, पण पटलं. मग मूठ कशाची घ्यावी? आणि कार्बन पोलाद आपल्या पावसाळ्यात टिकेल का? लेकीचं म्हणणं, स्टेनलेसच घ्या.

प्रतिसाद २ (नाशिक)

डेझर्ट आयर्नवूड बघा, ॲरिझोनाकडचं लाकूड. इतकं घट्ट आणि तेलकट असतं की त्यात रेझिन मुरवावं लागत नाही, आणि रेषा सुंदर. खर्च वाचवायचा तर मायकार्टा, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेलं कापड. दिसायला साधं, पण दमट हवेत फुगत नाही.

कार्बन पोलाद टिकतं, फक्त चामड्याच्या म्यानात ठेवून द्यायचं नाही. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेला ओलावा पात्याला खातात. म्यान वेगळं, सुरी वेगळी. पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. एवढी निगा होणार नसेल तर लेकीचं ऐका. मॅग्नाकट नावाचं पोलाद २०२१ पासून आलंय, गंजाला चांगलं तोंड देतं आणि धारही धरतं. पण ते बहुतेक तासून बनवतात, घडवत नाहीत. तुम्हाला हातोड्याचं काम हवं की नाही ते आधी ठरवा, म्हणजे शुक्रवारी निम्मी टेबलं आपोआप गळतील.

धागाकर्ता

हातोड्याचंच हवं. आयर्नवूड, चार इंच, जे.एस. घरात आता आकडा सहाशे सांगून टाकतो.