मदत हवी आहे: आजीकडे वाढणाऱ्या नातवंडांसाठी बालसंगोपन योजना

नमस्कार मंडळी. माझी आत्या बीड जिल्ह्यात एका खेड्यात राहते. तिची मुलगी गेल्या वर्षी आजारपणात वारली. जावयाने दुसरं लग्न केलं आणि तो पुण्याकडे कुठेतरी असतो. पैसा नाही की फोन नाही. दोन्ही नातवंडं आत्याकडेच. थोरली आठवीत, धाकटा चौथीत. आत्याचं वय सत्तरीकडे झुकलंय, श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात तेवढेच. त्यात वह्या, चपला, दवाखाना कसं भागवणार?

महिला व बालविकास विभागाच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते, इथवर मला कळलंय. गाडी अडलीय ती बापापाशी. तो जिवंत आहे, म्हणजे मृत्यूचा दाखला फक्त आईचा. गावातला एकजण ठामपणे म्हणतो, 'बाप असताना मिळत नाही.' मला ते पटत नाही, कारण एक पालक असलेल्या मुलांनाही ही योजना आहे.

कुणी असा अर्ज केलाय का? बाप सांभाळत नाही हे कशाने सिद्ध केलंत: सरपंचांचा दाखला, पंचनामा की प्रतिज्ञापत्र? त्याची सही मागतात का? (मागितली तर तो देणार नाही, हे लिहून ठेवा.) मुलांची नावं अजून बापाच्या रेशनकार्डावर आहेत, ती आधी आत्याच्या कार्डावर घ्यावी लागतील का? आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेतली महिना 4000 रुपयांची मदत अशा मुलांना बसते का? दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर कोणतं लवकर हाती येतं?

एजंटचे नंबर कृपया देऊ नका. बीडमधल्या कुणाला अनुभव असेल तर फारच बरं.