घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी मराठी पुस्तके कोणती घ्यावीत?

प्रश्न – नगर_वाचक

सर्वांना सलाम. घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना सुरू करायची आहे. मुले ५ आणि ११ वर्षांची, दोघेही इंग्रजी माध्यमात. आजींना जुन्या भाषांतराचे पवित्र शास्त्रच आपले वाटते. शिवाय आम्हा दोघांना वाचायला ख्रिस्ती संसारावर एखादे पुस्तक हवे. दुकानात इंग्रजीवरून केलेली भाषांतरे खूप दिसतात, त्यांतले चांगले कसे ओळखायचे?

उत्तर – दिवेलागण

पहिले पुस्तक पवित्र शास्त्रच, पण त्यातल्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करू नका. उत्पत्ती आणि त्यानंतरच्या निर्गमाचा अर्धा भाग गोष्टींच्या ओघात वाचून होतो. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे आणि पाठोपाठ नियमांनी भरलेले लेवीय येते, आणि घरोघरचे वाचन तिथेच बंद पडते. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेले येशूचे चरित्र, घ्या. १६च अध्याय, आणि घटना भराभर पुढे सरकतात. रोज एक प्रसंग, ८ ते १२ वचने, म्हणजे दोन महिन्यांहून थोडे जास्त पुरते.

एकूण वेळ १५ मिनिटे. एक गीत, वाचन, एक प्रश्न, प्रार्थना. “यातून काय शिकलो?” असे विचारू नका, मुले ठरलेले उत्तर देऊन मोकळी होतात. पक्षाघाती माणसाला येशूकडे आणणाऱ्यांची गोष्ट वाचली, तर “त्या चौघांनी छप्पर का उसकटले?” असे विचारा, ५ वर्षांचे मूलही बोलते.

एका वेळी एकच प्रत मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी नुसते ऐकावे. दोन भाषांतरे समोर उघडी असली की मोठे मूल शब्द जुळवत बसते. स्तोत्र आजींनी जुन्या प्रतीतून वाचावे, शुभवर्तमान मोठ्या मुलाने सोप्या मराठीतून. मात्र तो उतारा त्याला दुपारीच एकदा वाचायला द्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जोडाक्षरे अडतात; सगळ्यांसमोर अडखळले की ते वाचायलाच नको म्हणते.

पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याला बरोबर बसतात म्हणून पुष्कळ जण तेच धरतात. पण ५ ते ७ हे अध्याय बरेचसे व्यभिचाराविषयी आहेत, लहानग्यासमोर अडचण होते. दहाव्या अध्यायापासून सुटी वचने आहेत, रोज दोन घ्या.

उत्तर – ओवीप्रेमी

गीतांसाठी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरात असेलच. आठवडाभर एकच गीत ठेवा, शनिवारपर्यंत मुलांना पाठ होते. रोज नवे घेतले तर फक्त मोठेच गातात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची ‘अभंगांजली’ मिळाली तर जरूर घ्या. ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचे काव्य टिळकांनी आरंभले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. रविवारी त्यातल्या १०-१५ ओव्या आजींना चालीवर म्हणू द्या.

संसारावर वाचायला माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रासारखे दुसरे पुस्तक मराठीत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची झालेली ताटातूट, रुसवे, पैशाची चणचण, आणि मग पुन्हा उभे राहिलेले घर, सगळे त्यात आहे. उपदेश जवळजवळ नाहीच. ११ वर्षांच्या मुलाला निवडक प्रसंग वाचून दाखवता येतात.

भाषांतरित पुस्तक घेण्याआधी दुकानातच दोन गोष्टी पाहा. पवित्र शास्त्रातल्या इफिसकरांस पत्राच्या, पतिपत्नींविषयीच्या, पाचव्या अध्यायावर लेखक कुठून सुरुवात करतो? २२व्या वचनापासून, म्हणजे “स्त्रियांनो” पासून, धरून आधीचे २१वे गाळले असेल तर पुस्तक खाली ठेवा. एकमेकांच्या अधीन असा, हे २१व्यातच आहे. तसेच त्याच पत्रात ६:४ मध्ये (सहावा अध्याय, चौथे वचन) बापांना मुलांना चिडवू नका असे सांगितले आहे; त्यावर एक ओळही नसेल तर त्या लेखकाने अर्धेच सांगितले. दुसरे, सासू-सासरे, दीर-जावा यांचा कुठे उल्लेख आहे का? बरीचशी पुस्तके अमेरिकेतल्या चौकोनी घरासाठी लिहिलेली असतात. एकत्र घरात आजी लाडावते आणि आई रागावते, यावर त्यांत काही सापडत नाही.

उत्तर – वसई_किनारा

कॅथलिक घरांत जपमाळ असतेच, पण मुलांना नुसती पुटपुट वाटू नये म्हणून प्रत्येक दशकाआधी (दहा मण्यांच्या प्रार्थनेआधी) त्या रहस्याची, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या त्या प्रसंगाची, २-३ वचने वाचावीत. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, ती बहुतेक लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या दोन अध्यायांतली. पाच वर्षांच्या मुलाला एक दशक पुरे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रार्थनेत मोठ्याने वाचायला जाडजूड पडते. पालकांनी आधी चाळून ठेवावे, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे तयार राहतात. तुम्हा दोघांसाठी पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या कुटुंबावरील प्रबोधनपत्राचा चौथा अध्याय सुचवतो. प्रीतीविषयीच्या १ करिंथ १३:४-७ (करिंथकरांस पहिले पत्र) चा एकेक शब्द घेऊन तो घरातल्या वागण्याशी जोडला आहे. आठवड्याला एक शब्द घ्यावा.

प्रश्नकर्ता – नगर_वाचक

आभार. डिसेंबरात लूकचे २४ अध्याय, रोज एक, असे करावे का?

उत्तर – दिवेलागण

नको. त्या हिशेबाने येशूचा जन्म २ तारखेला आणि वधस्तंभ २३ तारखेला येतो, नाताळच्या तोंडावर लहानग्याचा गोंधळ उडतो. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे. तो १ ते २३ डिसेंबर, रोज ३-४ वचने असा पुरवा. २४ ला २:१-२० सलग वाचा आणि २१व्या वचनापासूनचा उरलेला अध्याय ३१ तारखेपर्यंत. मार्क कुठवर आला असेल तिथे खूण ठेवा आणि जानेवारीत पुढे चालू करा.