वय २७, नोकरी सोडून पोलीस भरती करावी का?

भावा, तू विचारलंयस की वय २७ झालं, कंपनीत मन लागत नाही, वर्दी डोक्यातून जात नाही, तर उशीर झाला का. मला नाही वाटत उशीर झाला, पण आधी तुझी कॅटेगरी बघ. शिपाई भरतीला ओपनला २८ पर्यंतच, मागासवर्गीयांना ३३, म्हणजे ओपनमध्ये असशील तर जेमतेम एक चान्स धरून चाल. एमपीएससीतून पीएसआयला (पोलीस उपनिरीक्षक) ओपनला ३१ आहे, पण त्याला ग्रॅज्युएशन लागतं आणि पूर्व, मुख्य, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी, मुलाखत असं सगळं लांबत जातं.

माझ्या धाकट्या भावाने २६व्या वर्षी चाकणला शिफ्ट करत तयारी चालू केली. लेखी १०० मार्कांची, ती त्याला जमत होती, अडकला तो ग्राउंडला. ५० पैकी २० मार्क एकट्या १६०० मीटरला आहेत, बाकी १०० मीटर आणि गोळाफेक १५-१५. पहिल्या महिन्यात नडग्या इतक्या दुखायच्या की आई रात्री मिठाच्या गरम पाण्याने शेकायची आणि हा पहाटे साडेचारला परत बूट घालून बाहेर, मला बघवायचं नाही खरंच.

म्हणून नोकरी लगेच सोडू नको रे, घरचा हप्ता थांबत नाही. उंची १६५ सेंटीमीटर आणि छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर भरते का ते आजच मोज, आणि पळायला डांबरी रस्ता नको, मातीचं ग्राउंड शोध.