एलिव्हेटर वाचवायचं की मुख्य रस्ता? कॅनडाच्या प्रेअरी गावांचा प्रश्न

गवताळवाट
सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टा या कॅनडाच्या गवताळ मैदानी (प्रेअरी) प्रांतांतल्या पाचसातशे वस्तीच्या गावांत वारशासाठी थोडे पैसे जमले की वाद ठरलेला: रुळांलगतचं लाकडी धान्य-एलिव्हेटर (धान्य वर चढवून साठवायची उंच कोठी) राखायचं की मुख्य रस्त्यावरच्या जुन्या इमारती? माझं मत स्पष्ट आहे. आधी एलिव्हेटर.

गाव वसलं तेच त्याच्यामुळे. घोडागाडीतून गहू टाकून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावं, म्हणून रेल्वेचे थांबे साधारण 10 ते 15 किलोमीटरवर पडले. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने जागा देताना किमान 25,000 बुशेल क्षमता आणि इंजिनाने धान्य वर चढवायची सोय अशी अट घातली. गव्हाचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे एका इमारतीत सुमारे 680 टन. या अटीमुळे एलिव्हेटरवाल्या कंपन्यांची मक्तेदारी झाली, आणि शेतकऱ्यांनी 1902 मध्ये सिंटालुटा गावच्या रेल्वे एजंटाला कोर्टात खेचून वॅगनवाटपाचा खटला जिंकला. पुढच्या 'पूल' चळवळीची (शेतकऱ्यांनी मिळून धान्य विकायच्या सहकारी संस्था) मुळं तिथे आहेत. बँक, लाकूडवखार, किराणा हे सगळं या कोठीच्या मागून आलं. 1930 च्या दशकात अशी 5,700 हून जास्त एलिव्हेटरं होती. फ्लेमिंग गावचं 1895 चं 2010 मध्ये जळून गेलं. ते परत कुठून आणणार?

ओळंबा
इतिहास मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. एलिव्हेटर हे यंत्र आहे, आणि धान्य भरलेलं असण्यासाठीच ते बांधलंय. भिंत म्हणजे आडव्या निजवलेल्या, एकीवर एक खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या: खाली बहुधा 2×6 इंची, वर 2×4. धान्याचा दाब बाहेर ढकलतो आणि घर्षणामुळे धान्याचं बरंचसं वजन भिंतीवरच येतं, म्हणून ही रचना. शेकडो फळ्या वाळून-दबून भिंत काही इंच खाली बसते, बाहेरचा पत्रा मात्र बसत नाही. तो फुगतो, खिळे सुटतात, वाऱ्याने एक पत्रा उडाला की पाऊस थेट फळ्यांवर. त्यात सर्वांत वरच्या कपोलाच्या (माथ्यावरच्या छोट्या खोलीच्या) खिडक्या फुटलेल्या, आत कबुतरं. खाली ट्रकचं धान्य ओतायच्या पिटमध्ये भूजल साचतं, थंडीत गोठतं आणि पाया उचलतं. 70-80 फूट उंचीची इमारत थोडी कलली तरी सरळ करायला अवजड जॅक लागतात. तेवढ्या पैशात मुख्य रस्त्यावरच्या पाच दुकानांची छपरं होतील, आणि त्या दुकानांत भाडेकरू येऊ शकतात. कोठीत कोण येणार?

गवताळवाट
@ओळंबा, दोष तुम्ही अचूक सांगितलेत, पण ते सगळे पाण्याचे आहेत. पाणी अडवलं की लाकूड टिकतं. मॅनिटोबातल्या इंग्लिसला 1922 पासून उभारलेली पाच एलिव्हेटरं ओळीने उभी आहेत, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहेत. अल्बर्टातल्या नँटनला गावकऱ्यांनी पाडापाडी थांबवली, तिथे आता लोक बघायला येतात. पहिल्या उन्हाळ्यात करायचं ते एवढंच: कपोलाचं छप्पर आणि खिडक्या बंद, सुटलेले पत्रे परत ठोकणे, पिट उपसून पंप बसवणे, जमिनीचा उतार इमारतीपासून बाहेर वळवणे. वीज खांबापासूनच तोडायची. माणसाला वर नेणारा पाळणा कुलूपबंद करायचा, कारण तो उलट वजनांवर तोललेला असतो. हलका माणूस चढला की सुसाट वर जातो. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी भिजवायची, मास्क लावायचा. आणि धान्याची धूळ पूर्ण काढल्याशिवाय आत वेल्डिंग किंवा कटर चालवायचा नाही. ती धूळ स्फोट होऊन पेटते.

दप्तरखाना
दोघंही इमारतीचं वय गृहीत धरून बोलताय. गावोगावच्या फलकांवर चुकीची सालं लिहिलेली दिसतात, म्हणून आधी तारखा पक्क्या करा. विम्यासाठी गोड (Goad) कंपनीने काढलेले नकाशे मिळाले तर बघा: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड. शेजारी हेंडरसन डिरेक्टरीत (धंदे आणि पत्त्यांची छापील यादी) त्याच वर्षीचा धंदा शोधा आणि जमिनीच्या मालकीहक्काच्या नोंदीशी ताळा करा. एलिव्हेटरचे फोटो तर भिंतीवरच्या नावावरूनच लावता येतात. 'युनायटेड ग्रेन ग्रोअर्स' या कंपनीचं नाव दिसलं तर 1917 नंतरचा. सर्ल ही धान्य कंपनी 1967 मध्ये फेडरल ग्रेन या कंपनीत विलीन झाली आणि फेडरलची गावोगावची एलिव्हेटरं 1972 मध्ये तिन्ही प्रांतांच्या सहकारी पूल संस्थांनी घेतली. मात्र रंग लगेच बदलत नसे, त्यामुळे नाव आहे म्हणून साल नक्की असं नाही. फोटोतल्या गाड्यांचं मॉडेल पण जुळवा.

मधलीओळ
इमारतीच मोजताय, धंदा कोणी मोजत नाही. या गावांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं दुकान बरेचदा चिनी कॅफे असतं. 1903 पासून चिनी माणसाला कॅनडात शिरायला 500 डॉलर डोईकर होता, 1923 ते 1947 प्रवेश जवळजवळ बंदच, म्हणजे बायकामुलं पलीकडेच राहिली. हे पुरुष मागच्या खोलीत राहून दिवसभर कॅफे चालवत. इमारत साधी, वर पत्रा, आत बूथ आणि काउंटर. वारसायादीत ती येत नाही कारण वास्तुकला नाही. काउंटर, स्टूल आणि मेनूचा फलक उखडून टाकण्याआधी मोजमापं घ्या, फोटो काढा. माझ्या लेखी पहिला खर्च हा.

ओळंबा
@मधलीओळ, शंभर टक्के सहमत, आणि माझा मुद्दा तोच आहे. त्या कॅफेची दर्शनी भिंत उंच, खोटी, मागे उतरतं छप्पर. दोघांच्या सांध्यात बर्फ साचतो आणि मार्चमध्ये वितळून आत उतरतो. तिथे पत्र्याची पट्टी छपराखाली नीट सरकवून वर भिंतीवर वळवली आणि मागचे तिरके टेकू बदलले की इमारत वाचते. दोन सुतारांचं काम आहे.

विटांच्या बँकांना धोका दुरुस्तीचाच जास्त. जुन्या मऊ विटांमधले सांधे भरायला सिमेंट वापरतात. पाणी सांध्यातून बाहेर पडायचं ते विटेतून पडू लागतं, उणे 30 ला गोठतं आणि विटेचा चेहरा सोलून निघतो. आपल्याकडच्या चुन्यातल्या वाड्यांना सिमेंटचं प्लास्टर करून भिंती ओल्या ठेवतात, तीच चूक. चुना 1, वाळू 3. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल खरवडून भरायचं. ग्राइंडर लावायचा नाही, विटेच्या कडा जातात. ओला चुना गोठला की भुगा होतो, म्हणून ऑगस्टअखेर काम आवरायचं.

गवताळवाट
चुन्याबद्दल वादच नाही. पण दुकानाला सवड आहे, एलिव्हेटरला नाही. 1995 मध्ये क्रो दराची (रेल्वेने धान्य नेण्याच्या स्वस्त भाड्याची) सवलत संपली, शाखालाइनी उखडल्या गेल्या, काँक्रीटची मोठी धान्य-टर्मिनलं आली. बंद एलिव्हेटर कंपनीच्या हिशेबात नुसतीच जबाबदारी, आणि जागा बरेचदा रेल्वेची. दुकान रिकामं दहा वर्षं राहिलं तरी मालक सापडतो. एलिव्हेटर पाडायचा करार झाला की एक्सकॅव्हेटर एका बाजूचा तळ खातो आणि इमारत त्या बाजूला आडवी होते. म्हणून पहिला खर्च छपराचाही नाही, वकिलाचा: इमारत आणि खालची जमीन दोन्ही गावाच्या नावावर लेखी.

ओळंबा
जमिनीचं मान्य, तो कागद आधी. पण त्याच सभेत छपरासाठी आणि विम्यासाठी दर वर्षी किती रक्कम लागेल आणि ती कोण भरणार हेही ठरवा. ते ठरत नसेल तर मी कॅफेच्याच बाजूने मत देईन.