मदत हवी आहे: कॅरव्हॅनचे पुढचे पाय उचलत नाहीत, पिकअप खाली अडकलाय

मांद्र्याचा माड
मंडळी, तातडीचं आहे. आमच्या कॅरव्हॅन ट्रेलरचं नाक पिकअपवर टेकतं, ते उचलणारे पुढचे इलेक्ट्रिक पाय बंद पडलेत. बटण दाबलं की टक्क होतं, पुढे काही नाही. बॅटरी ठीक आहे, फ्यूजही पाहिला. पिकअप मित्राचा, उद्या सकाळी सातला परत द्यायचाय आणि ट्रेलर त्याच्यावरून सुटत नाही. मोटर गेली असं धरून नवीन मागवू का? गोव्यात कुठे मिळेल?

सावर्ड्याचा वायरमन
मोटर मागवू नकोस, थांब. मोटर एक आहे की दोन्ही पायांना वेगळी? टक्क कुठून येतो, बटणामागून की बॅटरीजवळून? आणि "बॅटरी ठीक" म्हणजे मीटर लावलास की दिवे पेटतात म्हणून म्हणतोस?

प्रवासी फोंडा
जुनी लेड बॅटरी काढून टाका, लिथियम घ्या. मी बदलली तेव्हापासून एकदाही त्रास नाही. छपरावर सोलर पॅनेल असेल तर उत्तमच.

म्हापश्याची सुलू
आमच्या कॅरव्हॅनच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बाहेरच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग करून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. तुम्हीही पावसाआधी तपासून घ्याच.

सावर्ड्याचा वायरमन
सुलूताई, तुमचं म्हणणं खरं आहे, पण ती २३० व्होल्टची बाजू. इथे १२ व्होल्टची मोटर अडलीय.

मांद्र्याचा माड
एकच मोटर, आडव्या दांड्याने दुसरा पाय फिरतो. दिवे लख्ख पेटतात. मीटर नाही माझ्याकडे. टक्क बॅटरीजवळून येतो. तसे पाय जमिनीला टेकेपर्यंत नीट खाली येतात, पण त्याने काय होणार, ट्रेलर वर उचलला जायला हवा ना!

सावर्ड्याचा वायरमन
अरे, हीच तर मुख्य गोष्ट! पाय हवेत असताना मोटरला भार नसतो, म्हणून ती फिरते. टेकल्यावर ट्रेलरचं नाक उचलायला जोरदार करंट लागतो आणि तिथे व्होल्टेज कोसळतं. दिव्यांना करंट जेमतेम लागतो, त्यामुळे ते पेटले यावरून काही कळत नाही. हिशेब बघ: ३० अँपिअर ओढताना एखाद्या गंजलेल्या जोडात ०.१ ओहम रोध असला तरी ३ व्होल्ट तिथेच जातात. २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत मी टिप्परचं वायरिंग केलंय, दहातल्या सात वेळा दोष निगेटिव्हच्या बोल्टात सापडायचा. तुझा ट्रेलर तर खाऱ्या वाऱ्यात उभा. शेजाऱ्याकडून मीटर आण.

हरमल गॅरेज
एवढं मोजत बसायची गरज नाही. ब्रेकर (करंट जास्त झाला की तोडणारा) बाजूला काढा, बॅटरीवरून मोटरला सरळ जाड वायर द्या. दोन मिनिटांत उचलेल. नाहीतर एखाद्या टिप्परवरून जंप द्या.

सावर्ड्याचा वायरमन
ब्रेकर काढून अजिबात नाही! मोटर अडली तर वायर पेटेल, वर माणसं झोपायची जागा आहे. आणि टिप्परचा सिस्टीम २४ व्होल्टचा असतो, तो १२ च्या बॅटरीला लावला तर सगळंच जाईल. जंप द्यायचाच तर पिकअपच्या बॅटरीवरून दे, ती १२ ची.

हरमल गॅरेज
मी वर्षानुवर्षं असंच करतो, काही झालेलं नाही.

प्रवासी फोंडा
ट्रेलरचं आरटीओचं रजिस्ट्रेशन झालंय का? चेकपोस्टवर विचारतात.

पेडण्याची वाट
हाताने उचलायची सोय नाही का? बहुतेकांना मोटरच्या बाजूला रबरी बूच असतं, आत दांड्याचं टोक. करंट तोडून सॉकेट-रॅचेटने फिरवायचं. जॅक लावणार असाल तर लोखंडी चौकटीखाली लावा, आणि त्याच्याखाली जांभ्या दगडाचा चिरा ठेवू नका. टोकदार भाराखाली चिरा फुटतो. फणसाच्या जाड फळ्या घ्या. चाकांना ओंडके लावा आणि खाली कुणी शिरू नका.

मांद्र्याचा माड
मीटर मिळाला. बॅटरी १२.५. बटण दाबल्यावर बॅटरीवर १२.१, मोटरवर ८.८! म्हणजे मोटर गेली ना?

सावर्ड्याचा वायरमन
नाही रे, मोटरला पोचतंच नाही. आता एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या बॉडीवर ठेव आणि बटण दाबून वाच. अर्ध्या व्होल्टपेक्षा खूप जास्त आलं तर परतीच्या वाटेतच, म्हणजे मोटरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, दोष.

मांद्र्याचा माड
२.९ आलं! चौकटीखालचा बोल्ट उघडला, लगमध्ये (वायरच्या टोकाच्या कडीत) हिरवी भुकटी भरलीय, खाली रंगाचा थर.

सावर्ड्याचा वायरमन
बॅटरीचा निगेटिव्ह काढ. लोखंड चकचकीत होईपर्यंत घास. वायर ताज्या तांब्यापर्यंत कापून नवा लग लाव, खाली दातेरी वॉशर घे. घट्ट केल्यावरच वरून ग्रीस, आधी नाही. पुढे सवड मिळेल तेव्हा बॅटरीपासून मोटरपर्यंत १६ चौरस मिमीची वेगळी निगेटिव्ह केबल ओढ, चौकटीवर विसंबू नकोस.

मांद्र्याचा माड
काका, उचलला! बटण दाबल्यावर आता ०.३ दाखवतंय. पिकअप सुटला, पहाटे घेऊन जातो. तुमचे मनापासून आभार. केबल याच आठवड्यात ओढतो.

बोरीचा काठ
माझीही तीच तक्रार आहे. मोटर फिरते, पण एकच पाय खाली जातो. बोल्ट घासू का?

सावर्ड्याचा वायरमन
नको, तुझी गोष्ट वेगळी. मोटर फिरते म्हणजे करंट पोचतोय. आडव्या दांड्याची पिन तुटली असेल, आधी ती बघ. आणि नवा धागा काढ, फोटोसकट.