साहित्यात एम.ए. करायचंय, तर अर्ज जिल्ह्याबाहेर करावा की नाही?

मांजराकाठ (धागाकर्ती)

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आमच्याकडं साहित्याचं एम.ए. कुणी ठरवून करत नाही, ते होऊन जातं. निकाल लागतो, टीसी निघते, पोलीस भरतीचं बघून होतं, बी.एड.चा नंबर लागत नाही, मग जवळच्या कॉलेजात नाव घालून ठेवतात.

केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा साधारण मार्चमध्ये असते आणि तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरून घेतात. तेव्हा आपल्या पोरांनी सहाव्या सत्राची पुस्तकंसुद्धा विकत घेतलेली नसतात. जुलैत जागी होतात तोवर हैदराबाद आणि दिल्लीचा विषय कधीच संपलेला असतो. हुशारी कमी पडली म्हणून नाही, तारीख कुणी सांगितली नाही म्हणून. मला याचा फार राग येतो.

परीक्षा म्हणाल तर 75 प्रश्न, 90 मिनिटं. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. आपल्या पोरांना न झेपणारं यात काही नाही.

माझं म्हणणं एवढंच: तृतीय वर्षाच्या साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एक तरी अर्ज बाहेर टाकावा. जायचं की नाही ते नंतर बघू. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात तुलनात्मक साहित्याचं स्वतंत्र केंद्र आहे. पैठणच्या एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड आणि वली-सिराज या औरंगाबादी शायरांची दखनी उर्दू एकत्र अभ्यासायची झाली तर आपल्याकडं एक अर्धं मराठी विभागात आणि दुसरं अर्धं उर्दू विभागात राहतं. दोन्ही एका टेबलावर ठेवायची मुभा देणारा विभाग पोरांनी निदान बघावा तरी.

दुधना

मॅडम, तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. मी मराठी शिकवून निवृत्त झालो, परभणीत असतो.

ज्या विद्यापीठाचं नाव तुम्ही घेतलंत तिथं मराठीचा विभागच नाही. तेलुगू आहे, हिंदी, उर्दू, संस्कृत, इंग्रजी आहे. मग मराठीचं आमचं चांगलं लेकरू तिथं जाऊन वाचणार काय? इंग्रजीतून मराठीबद्दल लिहिलेलं!

उलट मुकुंदराज अंबाजोगाईचे. दासोपंतांची पासोडी, कापडावर लिहिलेलं अख्खं ‘पंचीकरण’, अंबाजोगाईतच. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या. महानुभावांच्या पोथ्या अजून कितीतरी मठांत बासनात बांधून आहेत. त्या वाचायला सांकेतिक लिपी यावी लागते, आणि ती शिकवणारी माणसं इथंच आहेत, तीही आता थकली. हे सगळं सोडून दिल्लीला जायचं?

1958 मध्ये आपलं मराठवाडा विद्यापीठ झालं ते कशासाठी? निजामाच्या काळात इथल्या पोरांना वरच्या शिक्षणाला हैदराबाद गाठावं लागायचं आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात माध्यम उर्दू होतं. नांदेडला 1994 मध्ये दुसरं विद्यापीठ झालं, तिथं भाषांचं संकुल आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींनी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बसून साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावलं. विभाग कमकुवत झालेत हे मी मान्य करतो. पण चांगली पोरं बाहेर काढली तर ते आणखी कमकुवत होतील.

बालाघाट

तुम्ही दोघंही मुद्द्यावर येत नाहीत. मी बीडचा. मराठीत एम.ए., प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा, वर राज्याची सेटसुद्धा. तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, तेही वेळेवर निघत नाहीत, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. कायम जागा निघाली की जाहिरात यायच्या आधी आकडा कानावर येतो. तो आकडा द्यायचा तर वडलांनी रान विकावं लागतं.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2023 मध्ये सांगितलं की सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरे. पोरांना वाटलं दार उघडलं. दार उघडून काय करता, आत जागाच नाही. हैदराबादहून करा नाहीतर गेवराईहून करा, एम.ए. साहित्य करून पोट भरत नाही हे आधी सांगा आणि मग अर्जाच्या तारखा सांगा.

कयाधू

मी हिंगोलीची, सध्या हैदराबादला एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला. बालाघाट दादा, तुमचं खोटं नाही. पण मी जे बघते तेही सांगते.

गावाकडं माझ्या वर्गात पटावर पोरं भरपूर आणि समोर चार-पाच. परीक्षेच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणायच्या. इथं दर आठवड्याला काहीतरी वाचून वर्गात बोलावं लागतं. पहिलं सत्र मी रडत काढलं, कारण मला चार पानांचा स्वतःचा निबंध लिहायला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती सवय लागली आणि तिचाच उपयोग नेटला झाला. फेलोशिपसकट नेट निघालं आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये मिळतात. घरी पैसे मागायचं बंद होतं. माझ्यासारखीसाठी ही बारीक गोष्ट नाही.

दुधना सर, मराठी विभाग नाही हे खरं. त्यामुळं निखळ मराठी करायचं असेल तर इकडं येऊ नका, हे मीही ज्युनिअर पोरांना सांगते. पण इंग्रजी, हिंदी, उर्दू, भाषाविज्ञान करणाऱ्यानं इथं अर्ज का करू नये?

तुरीचं रान

मी कास्तकार माणूस, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. माझी पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय, इंग्रजी घेतलंय. तिच्या मॅडमनी तिला हेच सांगितलं म्हणून मी हे वाचायलो. घरात रोज ह्यावरच बोलणं चाललंय. तिची आजी म्हणते लगीन करा, पोरगी म्हणते मला शिकायचंय. मला शिकवायचंय, पण हैदराबादचा खर्च किती, हॉस्टेल भेटतंय का, पोरगी एकटी राहू शकती का, हे कुणी सरळ सांगंना.

कयाधू

काका, सरळ सांगते. फी आपल्याला झेपंल अशी असते, खासगी संस्थेसारखी नाही. हॉस्टेलची हमी कुणी देत नाही, पण बाहेरगावच्या पोरींना मिळायची शक्यता बरी असते. जेवण-खाण धरून महिन्याचे पैसे लागतातच, त्याची तयारी ठेवा. येण्याजाण्याचं म्हणाल तर नांदेड-परभणीवरून सिकंदराबादला थेट गाड्या आहेत, पुण्यापेक्षा आपल्याला हे जवळ पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद. ओबीसी असाल तर राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तिथं चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या विद्यापीठात लागू नाही, उत्पन्नात बसत असाल तर ईडब्ल्यूएस काढा. हे अर्जाच्या आधी तहसीलला जाऊन करा. माझ्या मैत्रिणीचा नंबर लागून प्रवेश गेला तो ह्या एका कागदापायी.

बालाघाट

आणि एससीच्या पोरांनी हेही बघावं की राहण्या-जेवणाच्या खर्चाची राज्याची स्वाधार योजना राज्यातल्या कॉलेजांसाठी आहे. सीमा ओलांडली की ते पैसे बंद. बाहेर जा म्हणणाऱ्यानं हा हिशोबही मांडावा.

मांजराकाठ

बालाघाट सर, हा मुद्दा मी सोडला होता, तो मांडायलाच हवा. नोकरीचंही तुम्ही बोललात ते खरं आहे आणि मी ते माझ्या वर्गात लपवत नाही. पण जागा कमी आहेत तर आपल्या पोरानं निदान पूर्ण तयारीनं उभं राहावं की नाही? दुसरं असं की एम.ए.चा उपयोग फक्त प्राध्यापकीला नाही. यूपीएससीला मराठी साहित्य वैकल्पिक विषय घेता येतो. अनुवादाचं काम आहे. ज्याला वाचून स्वतःचं लिहिता येतं त्याचं अगदीच अडत नाही, ते न शिकवताच आपण पदव्या वाटतोय, हे माझं दुखणं आहे.

दुधना सर, पोथ्यांचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण सर, ती सांकेतिक लिपी आज किती विभागांत शिकवली जाते? पासोडी अंबाजोगाईत आहे, पण अंबाजोगाईच्या आसपासच्या किती एम.ए.च्या पोरांना ती दाखवायला नेलं जातं?

दुधना

फार नाही. हे मला बोचलं, पण फार नाही.

तरीही मी माझ्या जागेवर आहे. मराठीच्या पोरानं इथंच राहावं, आणि राहायचं तर विभाग निवडून राहावं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी जे जुनं साहित्य पुरावा म्हणून पुढं करतो ते वाचणारा विद्यार्थी मराठवाड्यात तयार झाला नाही तर कुठं होणार? जवळचं कॉलेज म्हणून नाव घालू नका. जिथं कुणी एक जण तरी जुनं मराठी नीट वाचून घेतो, तो विभाग शोधा, त्या माणसाला प्रवेशाआधी जाऊन भेटा. तुमच्या इंग्रजीवाल्यांचं तुम्ही बघा.

सहावंसत्र

सर, मॅडम, मी वसमतचा, बी.ए. मराठी. एका खासगी विद्यापीठानं अर्जासोबत एसओपी (हा विषय का शिकायचाय ते सांगणारं टिपण) आणि दोन शिफारसपत्रं मागितलीत. ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ असं सुरू केलंय. बरोबर आहे का? शिफारस प्राचार्यांची घेऊ का?

मांजराकाठ

ते पहिलं वाक्य काढून टाक. आवड सगळेच लिहितात. तुझ्या घरात-गावात असं काय आहे ज्याबद्दल तुला प्रश्न पडलाय ते लिही. जात्यावरच्या ओव्या आजीकडून ऐकल्या असशील तर छापलेल्या संग्रहातल्या ओव्यांपेक्षा त्या कुठं वेगळ्या आहेत, ते तुला का शोधायचंय, हे एका पानात सांग. शिफारस प्राचार्यांची नको, ज्यांनी तुझं लिहिलेलं वाचलंय त्यांची घे. आणि पत्र मागताना तुझा एक निबंध सोबत दे, म्हणजे त्यांना लिहायला काही राहील.

दुधना

वसमत म्हणजे कुरुंदकरांचं वसमत. पोरा, एसओपी लिहून झाली की मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, मराठीचं मी बघून देतो. पण नांदेडच्या संकुलाचा अर्जही भर. तिथल्या माणसांना आधी भेट, मग ठरव.